उपासातली कॉफी

शाळेत माझी ओळख कडक टीचर अशी आहे. गणित शिकवते, त्यामुळे अर्धी भीती विषयाचीच. उरलेली अर्धी मी परीक्षेच्या दिवसांत कमावलेली. कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. बाकीच्या टीचर वर्गात येरझाऱ्या घालतात, मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहते. चिठ्ठी सापडली की ती जिची असते ती जमिनीकडे बघते. मैत्रिणीला वाचवायला 'चिठ्ठी माझी आहे' म्हणून उभी राहणारी मात्र थेट माझ्या डोळ्यांत बघते. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही. मी दोघींनाही वर्गाबाहेर काढते. वाईट वगैरे काही वाटत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मागच्या भिंतीला टेकून कोणी उभं नव्हतं आणि लबाडी माझी होती.

मी राहते विरारला, बोळिंजमध्ये, चौथ्या मजल्यावर. वडील राहतात वसईत, गावातल्या आमच्या वाडीत. आई गेल्यापासून एकटेच. मी त्यांना फ्लॅटवर बोलावते. ते येतात, दोन दिवस बाल्कनीत उभे राहून खालच्या पार्किंगकडे बघतात आणि तिसऱ्या दिवशी केळींना पाणी द्यायचंय म्हणून निघतात. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेर कोणाच्या डोक्यात शिरायची नाही, म्हणून पप्पांचं बोलणं मी जरा सोपं करून लिहिते आहे. पप्पा मराठी चौथी शिकलेले. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मिस्साला वाचन करायला उभे राहिले की आवाज देवळाच्या मागच्या बाकापर्यंत जातो. चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात. इंग्रजीचं मात्र एक अक्षर त्यांना लागत नाही. बँकेचं पत्र आलं तरी बायबलमध्ये घालून माझ्यासाठी ठेवतात.

देवळाच्या वाटेवर एक बावखल लागतं, गोड्या पाण्याचं तळं. जानेवारीत पप्पा तिथे थांबायला लागले. कोणी विचारलं तर मासे बघतोय म्हणायचे. एका रविवारी मी सोबत होते. थांबले, पोटाच्या जरा वर हात ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिले. पाण्यात मासे नव्हते.

वसईतल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली. डॉक्टर तरुण, बोलणं सावकाश, माझ्याकडे न बघता पप्पांकडे बघून बोलायचे, हे मला आवडलं. म्हणाले, 'काका, समोरच्या मोठ्या नळीत अडथळा आहे, आणि आणखी एका फांदीत. पण तो मधलाच आहे, ना धड लहान ना मोठा. नळी किती अरुंद झाली ते या फोटोत दिसतं. पलीकडे रक्त पुरेसं पोहोचतं की नाही ते दिसत नाही. पोहोचत असेल तर गोळ्यांवर भागेल. कमी पडत असेल तर तुम्हाला शुगर आहे, जागाही अवघड आहे, मी बायपासच सांगेन. म्हणून आधी रक्तपुरवठ्याचा स्कॅन करून घेऊ.'

त्या स्कॅनमध्ये हृदयाचे दोनदा फोटो काढतात. एकदा ते शांत असताना, एकदा त्याच्यावर ताण आणून. पप्पांचे गुडघे गेलेले, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवता येणार नव्हतं. म्हणून त्यांना एक इंजेक्शन देणार होते. त्याने निरोगी नळ्या रुंद होतात, आजारी होत नाहीत, आणि कुठे कमी पडतं तो फरक फोटोत दिसतो.

'म्हंजे पाट किती रुंद ते बघून उपेग नाय,' पप्पा म्हणाले. 'शेवटच्या केळीला पानी भेटतं का ते बघायचं.'

'अगदी तेच,' डॉक्टर म्हणाले.

जिना उतरताना पप्पा एका पायरीवर थांबले. 'मला उघडायचं नाय, बाय,' एवढंच म्हणाले.

आई तीन वर्षांपूर्वी बायपाससाठी गेली तेव्हा चालत गेली होती, पिशवी स्वतःची स्वतः घेऊन. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. झालंही असेल, मी कोणाला दोष देत नाही. अकराव्या दिवशी ती गेली. मी रडले नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग ओठ आपला राहत नाही, पाणी प्यायला गेलं तर हनुवटीवरून ओघळतं आणि आपल्याला कळत नाही, तसं मला झालं होतं. दाताचं ते दोन तासांत उतरतं. माझं उतरलं नाही. शाळेत जायचे, पोर्शन पूर्ण करायचे, भाकऱ्या भाजायचे, नवऱ्याशी बोलायचे. लोक म्हणाले, खंबीर आहे. मी काही खंबीर नव्हते, मला काही लागतच नव्हतं.

म्हणून जिन्यात पप्पा ते बोलले तेव्हाही काही लागलं नाही. मी फक्त मनाशी नोंद केली की स्कॅन चांगला यायला हवा. खरा यायला हवा असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

त्या आठवड्यात राखेचा बुधवार होता. कपाळावर राख लावून घेतली आणि पप्पांनी चहा सोडला. उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कोणी मटण, कोणी दारू. पप्पा दारूला शिवत नाहीत, मटण शुगरवाल्या डॉक्टरांनी आधीच कमी करायला लावलेलं, राहिला चहा. दिवसाला सहा कप पिणारा माणूस. दरवर्षी पहिला आठवडा डोकं धरून बसतात. आई असताना ती मुद्दाम त्यांच्यासमोर बशीतून फुर्र करून प्यायची आणि पप्पा तिला, तू नरकात जानार, म्हणायचे.

या वेळी डोकेदुखीने ते अगदीच बेजार दिसले. मी जाताना कॉफीची बाटली घेऊन गेले.

'कॉफी कशी चालंल?' पप्पांनी विचारलं.

'उपास कशाचा धरलाय?'

'चायचा.'

'मग? कॉफी म्हणजे चहा आहे का?'

पप्पांनी बाटली फिरवून बघितली. 'फादरला विचारू काय एकदा?'

'एवढ्याशा गोष्टीसाठी फादरना कशाला त्रास?'

ते मान हलवत कबूल झाले. गणिताच्या बाईने काढलेली पळवाट, तिच्यात फट कशी सापडणार. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून कपभर कॉफी करायला लागले, दोन चमचे भरून, साखर नाही, दूध नाही. दूध घातलं की चहासारखी दिसते आणि ते त्यांना लबाडीचं वाटायचं. डोकेदुखी गेली. माझा मलाच अभिमान वाटला, म्हणजे वाटायला हवा होता तितका.

स्कॅनची तारीख मिळाली मार्चमध्ये, मुंबईच्या एका हॉस्पिटलात. तिथून माझ्या फोनवर सूचनांचा कागद आला, इंग्रजीत. मी स्टाफरूममध्ये बसून पप्पांना फोन लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ही गोळी त्या दिवशी घ्यायची नाही. ती घ्यायची. सैल शर्ट घालायचा. गळ्यातली क्रूसाची माळ घरीच ठेवायची. नंतर खायला काहीतरी सोबत आणायचं. मधे एका ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की चहा, कॉफी, कोला, चॉकलेट चोवीस तास आधीपासून पूर्ण बंद. त्या ओळीतला पहिला शब्द वाचला आणि मी पुढे गेले. चहा आमच्याकडे बंदच होता. कॉफी माझ्या ध्यानातच आली नाही. मी स्वतः नेऊन दिलेली, तरी नाही. मुलं उदाहरण अर्धं वाचून उत्तर लिहायला घेतात तेव्हा मी त्यांना काय काय बोलते ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी सकाळी गाडी करून आम्ही वेळेत पोहोचलो. सिस्टर एका खोलीत पप्पांना बसवून प्रश्न विचारत होती. दमा आहे का. सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या. मग, 'चहा वगैरे नाही ना घेतला, काका?'

'चाय?' पप्पा बसल्या जागी ताठ झाले. 'राखेच्या बुधवारापासून शिवलो नाय. आता ईस्टरलाच.'

सिस्टरने वर बघितलं. तिच्या गळ्यात बारीक क्रूस होता. 'मी पण चहाच सोडलाय, काका,' ती हसून म्हणाली, 'डोकं काय दुखतं ना पहिले पहिले?'

'इचारू नका.'

दोघं हसली. तिने कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. दुसऱ्या कोणाला तिने चहा आणि कॉफी वेगवेगळं विचारलं असतं. आपल्या माणसाच्या उपासावर कोण शंका घेतं? मी पिशवी धरून दारात उभी होते आणि मलाही सगळं ठीकच वाटत होतं.

त्यांना आत नेलं. आधी शांत असतानाचे फोटो होणार होते, मग थांबून ते इंजेक्शन आणि दुसरे फोटो. मी बाहेर खुर्चीवर बसले. बराच वेळ गेला. तहान लागली म्हणून पप्पांच्या कापडी पिशवीत पाण्याची बाटली शोधली. वर फडक्यात बांधलेला डबा होता, त्यात उकडलेली केळी. बाटलीच्या खाली आईचा जुना थर्मास. मी तो हातात घेतला. अर्धा होता. झाकण उघडलं आणि वास आला.

कोणाला वाटेल मी दचकले असेन. मी झाकण लावलं. थर्मास पुन्हा पिशवीत ठेवला, त्याच्यावर डबा ठेवला, फडक्याची गाठ नीट केली. मग फोन काढून तो कागद उघडला आणि ती ओळ पूर्ण वाचली. खाली कारणही दिलं होतं. कॉफीने त्या इंजेक्शनचा परिणाम मारला जातो, नळ्या फुलायच्या तशा फुलत नाहीत आणि रक्त कमी पडत असलं तरी फोटोत दिसत नाही. म्हणजे कॉफी घेतली तर स्कॅन चांगला यायची शक्यता जास्त. हे मी सरळ असं वाचलं. हिशोब मला लवकर समजतो.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. 'पहिले फोटो झाले. वीसेक मिनिटांत इंजेक्शन देऊ. काका मजेत आहेत. तुम्हाला काही विचारायचंय, टीचर?' मी टीचर आहे हे पप्पांनी आत सांगून झालं होतं.

मी तिच्या चपलांकडे बघत होते. पांढऱ्या, एकीची पट्टी दोऱ्याने शिवलेली.

'नाही,' मी म्हटलं.

ती आत गेली. दार आपोआप लागणारं होतं, ते सावकाश लागलं. समोर घड्याळ होतं. वीस मिनिटं फार असतात. वीस मिनिटांत मुलं दहा मार्कांचा प्रश्न सोडवतात. मी त्यातलं प्रत्येक मिनिट बसून घालवलं. उठून दार ठोठावायचं आणि 'कॉफी झालीय' एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते फार तर दुसरी तारीख देणार होते. मला हे सगळं समजत होतं. पण आई पिशवी घेऊन चालत चाललेली दिसायची आणि मी बसून राहायचे. भीती वाटत होती असंही म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नसलं की बसून राहणं सगळ्यात सोपं असतं.

सगळं झाल्यावर पप्पांना घेऊन सिस्टर आली. 'काका म्हणजे कमाल आहे. या इंजेक्शनने लोकांच्या छातीत भरून येतं, तोंड लाल होतं. काका विचारतात, दिलं काय?'

पप्पा खूश होते. खुर्चीवर बसून त्यांनी केळी खाल्ली, अर्धं केळं सिस्टरला घ्यायला लावलं. थर्मास गाडीत बसल्यावर काढला.

'सकाळी कपभर घेतली ते बरं केलं,' झाकणात ओतत म्हणाले. 'नायतर डोकं धरलं असतं माजं. तू घेनार काय घोटभर?'

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी घोटभर घेतली. कडू होती.

रिपोर्ट आला. रक्तपुरवठा दोन्ही वेळा व्यवस्थित. डॉक्टरांना मनापासून आनंद झालेला दिसला. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या नियमित, सहा महिन्यांनी भेटा. पप्पांनी त्यांना सुकेळीची, वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची पुडी दिली. घरी जाऊन आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. ईस्टरला मी आणि नवरा गेलो, सणाच्या गोडसर फुग्या तळल्या, आणि पप्पांनी चाळीस दिवसांनी चहाचा पहिला कप हातात घेऊन डोळे मिटले. सगळे हसलो. मीही हसले, हसायची वेळ मला बरोबर कळते.

एप्रिलमध्ये परीक्षा होती. नववीच्या एका मुलीच्या बाकाखाली सूत्रांची चिठ्ठी सापडली. दुसरी उभी राहून म्हणाली, माझी आहे, टीचर. थेट डोळ्यांत बघत होती. मी नेहमीप्रमाणे दोघींना बाहेर काढलं. मग मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि उरलेला पूर्ण तास माझी नजर जमिनीवर होती.

पावसाळ्यात एकदा पप्पांचा फोन आला, पोट बिघडलंय, घाम फुटतोय, दोनदा उलटी झाली. मी विचारलं, छातीत दुखतंय का? नाय म्हणाले, अजिबात नाय. आदल्या दिवशी शेजारी बारसं होतं, तिथलं काही बाधलं असेल. मी म्हटलं, लिंबूपाणी घ्या, पडून राहा. दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणाले. त्यानंतर मात्र ते बावखलापर्यंतही पोहोचेनात. अंगणातून फाटकापर्यंत जाताना एकदा माडाला हात लावून थांबायचे. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. म्हणाले, रिपोर्ट चांगला हाय ना? मी हो म्हटलं. आणखी महिना गेला. मग एक दिवस फाटकापर्यंत जायला ते दोनदा थांबले, तेव्हा मी त्यांना विचारलंच नाही, गाडी बोलावली.

डॉक्टरांनी तोच स्कॅन पुन्हा सांगितला.

या वेळी मी आदल्या दिवशीच वाडीत राहायला गेले. फडताळात कॉफीची बाटली होती. उपास संपला तरी पहाटेच्या कॉफीची सवय राहून गेली होती. मी बाटली पिशवीत टाकली.

'ती कशाला?' पप्पांनी विचारलं. 'आता कुठे उपास हाय?'

'उद्याच्या टेस्टला कॉफी चालत नाही. फोटो चुकतात.'

'मागल्या टायमाला तर चालली.'

मी फडताळाचं दार लावलं. बोलायला पाहिजे होतं, निदान मला तेव्हा माहीत नव्हतं असं तरी, आणि ते अर्धं खरं होतं. पप्पा माझ्याकडे बघत राहिले. चौथी शिकलेला माणूस, पण पाणी कुठे मुरतंय ते त्यांना बरोबर कळतं. थोड्या वेळाने आत गेले, थर्मास घेऊन आले आणि तोही माझ्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्कॅनच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा होता. 'छातीवर कोनी मिठाची गोनी ठेवली असं वाटलं,' म्हणाले. या वेळी सिस्टर दुसरी होती. तिने चहा, कॉफी, चॉकलेट, सगळं वेगवेगळं विचारलं होतं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं विशेष नाही. ते झालं. पप्पा घरी आहेत. बायपासने हृदयाचा जेवढा भाग वाचवता येण्यासारखा होता तेवढा वाचला, बाकीचा गेला. वाडीत खुर्ची टाकून बसतात आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला कुठल्या केळीला कमी पडतंय ते बसल्या जागेवरून ओरडून सांगतात. दोन वाक्यं ओरडली की धाप लागते. सांगायचं आहे ते ऑपरेशनच्या आधीचं, डॉक्टरांच्या केबिनमधलं.

त्यांनी स्क्रीनवर दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. रंगीत कड्यांच्या रांगा, वर ताण आणल्यावरच्या, खाली शांत असतानाच्या. जिथे रक्त पोहोचतं तिथे कडी पिवळी-केशरी. मार्चच्या सगळ्या कड्या पूर्ण होत्या. आताच्या वरच्या रांगेत कड्यांचा बराच भाग काळा होता. आणि खालच्या रांगेतही, त्याच ठिकाणी, एक तुकडा काळा.

'वर काळं दिसतंय तिथे ताण आला की रक्त कमी पडतं. तो भाग अजून वाचवता येईल, त्यासाठी बायपास,' डॉक्टर म्हणाले. 'हा खालचा तुकडा मात्र शांत असतानाही काळा आहे. म्हणजे मधे कधीतरी अटॅक येऊन गेलाय. शुगर असली की कधी कधी छातीत दुखतही नाही. घाम, उलटी, असं काही झालं होतं का?'

'पावसात पोट बिघडलेलं,' पप्पा म्हणाले.

'तेच असेल. तेवढी जागा आता परत येणार नाही, काका.' त्यांनी मार्चच्या फोटोवर बोट ठेवलं. 'तेव्हा इथे काहीच नव्हतं. एवढ्या लवकर इतकं वाढलं याचं मला आश्चर्य वाटतंय. माझ्याकडून बघण्यात काही चुकलं का म्हणून काल मी जुना स्कॅन पहिल्यापासून पुन्हा बघितला. नाही सापडलं काही. पण मनाला लागून राहिलंय.'

एवढा सरळ माणूस, आणि तो आपल्या उत्तरपत्रिकेत चूक शोधत बसला होता.

'डॉक्टर,' मी म्हटलं, 'मार्चमध्ये त्या दिवशी सकाळी पप्पांनी कॉफी घेतली होती.'

त्यांनी चष्मा काढला. 'किती?'

'कपभर. कोरी. दोन चमचे भरून.'

त्यांनी पुन्हा मार्चच्या कड्यांकडे बघितलं. 'मग या फोटोंवरून काही ठरवायलाच नको होतं,' म्हणाले. 'सांगितलं असतं तर आम्ही फक्त तारीख बदलली असती.' मग माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच पप्पांना सोडून माझ्याशी बोलत होते. 'तुम्हाला हे कधी कळलं?'

असे प्रश्न मी आयुष्यभर इतरांना विचारत आले आहे. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज पप्पांचा आला.

'तिला नाय ठाव. मी लपवलेलं. मला आपरेशन नको होतं. कागदावर लिवलेलं होतं कॉफी चालत नाय म्हनून, मी वाचलेलं. तरी घेतली.'

ते थेट डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत होते. मी जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरांनी मान हलवली. रागावले नाहीत. पेन उचललं, फाइल ओढली आणि लिहायला लागले. आणखी दोन ओळी झाल्या असत्या तर ते खरं ठरलं असतं, आणि त्याच्याबद्दल पप्पांनी मला जन्मात एक शब्द विचारला नसता.

'कागद इंग्रजीत होता, डॉक्टर,' मी म्हटलं. 'पप्पांना इंग्रजी येत नाही. कागद मी वाचला होता. बाहेर बसले असताना मला कॉफीचं कळलं. इंजेक्शनला अजून वीस मिनिटं होती.'

पेन थांबलं. गालावरून ओलं काहीतरी हनुवटीपर्यंत आलं, आणि ते आलेलं मला कळलं.

पप्पांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

'कशाला बोललीस, बाय,' ते म्हणाले.